दुसऱ्या सेटचा पहिला गेम

नोकरीतल्या कित्येक गुन्ह्यांचे नंबरसुद्धा आता आठवत नाहीत. टेनिस कोर्टावरची ती दुपार मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा मी बेळगावात पोलीस निरीक्षक होतो. शहरात व्यावसायिक टेनिसची एक लहान स्पर्धा चालू होती. बंदोबस्ताला दोन शिपाई दिले की आपले काम संपले, असे मी समजत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टेशन डायरी तपासत असताना शहरातल्याच शहापूर भागातल्या एका लॉजचा मॅनेजर आला.

"साहेब, चार दिवस झालं एक गिऱ्हाईक उतरलंय. फकस्त टेनिस बघाय जातंय, आणि खिशात तीन फोन. ह्यो काय खेळाचा शौकीन न्हाय."

लॉजवाले आपण होऊन ठाण्याची पायरी चढत नाहीत. मी साध्या वेशात मैदानावर गेलो. प्रेक्षक मोजकेच, त्यामुळे माणूस लगेच सापडला. मी त्याच्या मागच्या रांगेत बसलो. तोंडावर हात धरून तो फोनवर हिंदीत एकच गोष्ट बजावत होता: दुसरा सेट, पहिला गेम, ती हरणार.

'ती' म्हणजे निपाणीची सव्वीस वर्षांची खेळाडू. पहिला सेट तिने सहज जिंकला. दुसऱ्या सेटचा पहिला गेम तिच्याच सर्व्हिसचा. पहिली सर्व्हिस जाळ्यात, दुसरी रेषेबाहेर. पुन्हा तेच. एकही गुण न मिळवता तिने तो गेम घालवला. पुढे मॅचही हरली.

त्या माणसाला आम्ही फाटकातच ताब्यात घेतले. पंच म्हणून दोन साक्षीदार घेऊन त्यांच्यासमोर फोन जप्त केले. एका फोनवरून तिच्या नंबरला मेसेज गेलेला दिसला: 'शाब्बास. ठरलेले पोचेल.'

माझ्या लेखी केस तिथेच संपली. तिला ठाण्यात बोलावले, शेजारी महिला हवालदार बसवली. ती बसताच मी म्हणालो, "तुलाच बरा फोन आला?"

"त्यानं फोन केलता, व्हय," ती म्हणाली. "पर आज सकाळी मी न्हाय म्हटलं त्याला."

"मी स्वतः बघत होतो. लागोपाठ दोन डबल फॉल्ट. नाही म्हटलेली माणसं अशी खेळतात?"

"खेळात ध्यानच न्हवतं, साहेब. मुद्दाम न्हाय घालवला."

मी आवाज चढवला. हा आरोप सिद्ध झाला तर तिला जन्मभर रॅकेट हातात धरता येणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होते. पण खोटे बोलणारा माणूस दर वेळी नवा तपशील जोडतो. ही तासभर तेच एक वाक्य सांगत होती. ते मला खटकत होते.

तेवढ्यात हवालदार बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, त्या मेसेजला एकच टिक हाय. पोरीला त्यो पोचलाच न्हाय."

आम्ही त्याच्या फोनमधली कॉलची यादी काढली. सकाळी तिच्याशी अर्ध्या मिनिटाचे बोलणे. त्यानंतर अकरा कॉल, एकही लागलेला नाही. तिने त्याला ब्लॉक केले होते.

मी शेजारच्या खोलीत गेलो. "सौदा ठरला होता, तर अकरा वेळा फोन कशाला केलास?"

शेवटी त्याने खरे सांगितले. तिने साफ नकार दिला होता. सट्टा चालवणाऱ्या वरच्या माणसाला ते सांगायची याची हिंमत झाली नाही. गेम तिने आपसूक घालवला. "वाटलं, एक मेसेज तिच्या फोनात पडला की ती अडकली. पुढच्या वेळी नाही म्हणता येणार नाही."

इतक्या वर्षांत अनेक सराईत पाहिले, पण असा डाव पहिल्यांदाच ऐकला. मेसेज पोचला असता तर मीच तिला अडकवले असते.

तिचा जबाब लिहायला घेतला. आई तंबाखूच्या वखारीत राबलेली. थोरला भाऊ, तिचा अण्णा, शिकून बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात इंजिनिअर झालेला, हिच्या प्रवासाचा खर्च तोच उचलायचा. सही करायच्या आधी ती थांबली.

"आणि एक लिव्हा. काल दिवसभर मी व्हय म्हणायचंच ठरवलंतं. अण्णाच्या घरात बाळ येणार हाय, आता त्याच्याकडं परत हात कसा पसरू?"

मी पेन खाली ठेवला. हे लिहिणे कायद्याने गरजेचे नव्हते, आणि तिच्या फायद्याचे तर अजिबात नव्हते.

"लिव्हा साहेब. त्यो गेम खेळताना डोक्यात त्योच इचार व्हता. अर्धंच सांगितलं तर उद्या माझं मलाच खरं वाटायचं न्हाय."

मी लिहिले. त्या माणसावर गुन्हा दाखल झाला. वरचा माणूस हाती लागला नाही. आलेला फोन लगेच कळवला नाही म्हणून टेनिसच्या नियमाप्रमाणे तिच्यावर काही महिन्यांची बंदी आली. नंतर ती पुन्हा खेळली.

मोहात पडलेल्या आणि मोहातून बाहेर आलेल्या माणसाचा चेहरा ठाण्याच्या खुर्चीत सारखाच दिसतो, हे मला त्या केसने शिकवले. दुसरी गोष्ट तिने दारातून बाहेर पडताना शिकवली. पहिला फोन आला तेव्हाच कुणाला का सांगितले नाहीस, असे मी तिला विचारले.

"कुणाला सांगू? 'तुलाच बरा फोन आला' असंच म्हटलं असतं सगळ्यांनी."

ती ठाण्यात आली तेव्हा माझ्या तोंडून पहिले वाक्य तेच निघाले होते.