मनोहरच्या डोक्यातला आकडा

तहसील कचेरीत किस्से जमवायला मला उभी नोकरी घालवावी लागली. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर ते आपोआप अंगावर येतात, कारण तिथे दुसरं काही करायला नसतं. चहा प्यायचा, आणि येईल त्याला पहिल्यापासून सांगायचं की धाकटा भाऊ मनोहर जाम गावच्या चौकात मोटरसायकलवरून पडला, डोक्याला मार आहे, हेल्मेट मात्र घरी खुंटीला सुखरूप आहे.

* * *

मनोहरच्या कवटीत एक बारीक नळी होती. मेंदूवरचा दाब तिच्यातून मॉनिटरवर आकडा होऊन दिसायचा. डॉक्टर म्हणाले, औषधांनी आकडा आटोक्यात राहिला तर ठीक. नाहीतर कवटीचा तुकडा काढावा लागेल, आणि त्याच्या पुढचं मीही सांगू शकत नाही.

तेव्हापासून सगळं घराणं आकडा पाहू लागलं. आमचा चुलतभाऊ बंडू तरुणपणी मटक्याच्या ओपन-क्लोज आकड्यांवर जगला होता. तोच आता आम्हाला समजावून सांगायचा, "आज क्लोज चांगला लागते, पाहून घेजो."

* * *

मेश्राम सिस्टर मनोहरची कूस बदलायला आल्या की आकडा चढायचा. बंडूला वाटलं, बाईच घात करते आहे. तो आत जाऊन म्हणाला, "झोपू द्या न त्याले. काऊन हलवून राह्यल्या?"

"झोपलेल्या माणसाले मी हात लावत नाई, दादा," सिस्टर म्हणाल्या. "हा बेशुद्ध आहे. एका कुशीवर ठेवला तर पाठ सडन त्याची."

बंडू बाहेर आला आणि बराच वेळ स्वतःच कूस बदलत बसला.

* * *

घशातला कफ नळीने ओढून काढायचे. तेव्हा मनोहर खोकायचा आणि आकडा एकदम उसळायचा. खोकला ऐकून बंडू खूश, की गडी जिवंत आहे. आकडा पाहून मनोहरची बायको सुनंदा रडायची. कोणाचं खरं, असं मी सिस्टरना विचारलं.

"दोघांचंही," त्या म्हणाल्या आणि हातमोजे काढून निघून गेल्या. इतका स्पष्ट खुलासा मला सरकारी नोकरीत कधी मिळाला नव्हता.

* * *

बंडूने मग डॉक्टरांकडे तक्रार केली. सिस्टर कामचुकार आहेत, कफ काढतात आणि निघून जातात, मग केव्हातरी येऊन तोंड पुसतात, कूस त्याच्याही नंतर. एका दमात उरकत नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं की एका दमात उरकलं तर आकडा खाली यायला वेळच मिळत नाही. एक काम करायचं, थांबायचं, मग दुसरं. हाच उपचार आहे.

मी जन्मभर असंच काम केलं. त्याला उपचार कोणी म्हटलं नाही.

* * *

आत्या गिरडच्या दर्ग्यावरून धागा घेऊन आली. तो मनोहरच्या गळ्यातच बांधायचा, असा तिचा हट्ट. सिस्टरनी हात धरला. मान सरळ आणि मोकळी लागते, गळा आवळला की डोक्यातलं रक्त उतरत नाही, म्हणाल्या. शेवटी धागा पलंगाच्या दांडीला बांधला.

पलंगाची प्रकृती तेव्हापासून उत्तम आहे.

* * *

मग एक दिवस आकडा सकाळपासून चढलेलाच राहिला. संध्याकाळपर्यंत उतरला नाही तर ऑपरेशन, असं डॉक्टर सांगून गेले. इकडे पाठ लाल झालेली, कूस बदलणं भाग होतं. सिस्टर पलंगाशी थांबून राहिल्या होत्या. त्यांनी सुनंदाला आत बोलावलं, सोबत मी गेलो. घरच्या माणसाचा आवाज कधी कधी कामी येतो, म्हणाल्या.

सुनंदाने नवऱ्याचा हात हातात घेतला. पण समोर मी, तिचा थोरला दीर. तिने पदर पुढे ओढला आणि नुसता त्याचा हात चोळत राहिली.

"अवं बाई, नाव घे न त्याचं," सिस्टर म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं होतं, हाक मार. सुनंदाने लग्न झाल्यापासून नवऱ्याला नावाने हाक मारलेली नाही. नाव घेणं म्हणजे तिच्या लेखी एकच गोष्ट. तिने पदर नीट केला, घसा साफ केला, आणि हळदीकुंकवाला उखाणा घ्यावा तसं खणखणीत म्हणाली,

"कापसाच्या बंडीले बैल जुपले दोन,
मनोहररावांशिवाय माह्यं ऐकते कोन?"

शेजारच्या पलंगाची चादर बदलणारा वॉर्डबॉय जागीच थांबला. मी मॉनिटरकडे पाहिलं. आकडा उतरत होता. फार नाही, पण उतरत होता.

सिस्टरनी एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा सुनंदाकडे. मग दोन्ही हात हळूच मनोहरच्या पाठीखाली घातले.

"बाई," त्या म्हणाल्या, "दुसरा येते का तुले?"