फायबरग्लासची राणी आणि मी

आमच्या घरात फायबरच्या दोनच गोष्टी आल्या. एक ओट्स आणि दुसरी माझी गाडी. दोन्ही मीच हौसेनं आणल्या आणि दोन्ही घरात कुणाच्या घशाखाली उतरल्या नाहीत.

खरं तर मी सात सीटची जपानी गाडी आणायला गेलो होतो. माझे सासरे, म्हणजे नाना, सांगलीहून आमच्याकडे कुवेतला राहायला यायचे होते. तेव्हा "मोठी, थंडगार, शहाण्या माणसासारखी गाडी घे," असा वैशालीचा स्पष्ट आदेश होता. (वैशाली माझी बायको. बँकेत रिस्क विभागात आहे. धोका ओळखणं हा तिचा पेशा. माझ्याशी लग्न ही एकच चूक.) रुमैथियातले एक म्हातारे कुवेती गृहस्थ, अबू युसुफ, तशी गाडी विकत होते. शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या दारात हजर.

सात सीटची गाडी छानच होती. मी तिची प्रदक्षिणा घालत होतो, एवढ्यात अंगणाच्या कोपऱ्यात मळक्या ताडपत्रीखाली काहीतरी लांबुळकं झोपलेलं दिसलं.

"वो क्या है?" मी विचारलं.

अबू युसुफ हसले. जुन्या कुवेती लोकांना येतं तितपत हिंदी त्यांना येत होतं. "वो गाडी नहीं, हबीबी. वो घोडा."

त्यांनी ताडपत्री ओढली. वाळूचा एक ढग उठला आणि त्यातून ती प्रकट झाली! जुनी, ब्रिटिश, दोन दारांची. नाक स्पोर्ट्स कारसारखं अणकुचीदार, पाठ मात्र सामान भरायला लांबच लांब, आणि मागे छपरापासून उतरत आलेली अख्खी काच. सगळं अंग फायबरग्लासचं. म्हणजे कुटुंबाची सोय आणि शर्यतीची ऐट एकाच गाडीत! पंचेचाळिशीतल्या पुरुषाला याहून घातक काही दाखवू नये.

"एसी?" मी जड आवाजात विचारलं.

"इंग्लंड में ठंडी होती है," अबू युसुफ म्हणाले.

हे उत्तर मला त्या क्षणी पटलं. यावरून माझी अवस्था ओळखा.

अब्बासियात आमच्या इमारतीखाली गाडी लावून मी हॉर्न दिला. वैशाली आणि आमची नववीतली लेक इरा बाल्कनीत आल्या.

"बाबा, व्हेअर इज द रेस्ट ऑफ इट?" इरानं विचारलं.

"मंदार," वैशाली शांतपणे म्हणाली, "दारं किती?"

"दोन. पण मागे जागा बघ केवढी आहे!"

"नाना मागे कसे बसणार? घडी घालून?"

नाना आले तेव्हा विमानतळावर त्यांना पुढे बसवलं, आणि त्यांची बॅग मागच्या काचेखाली ठेवली. नाना बांधकाम खात्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी बॉनेटवर टिचकी मारली. टक्‌! कान जवळ नेऊन पुन्हा मारली. टक्‌ टक्‌!

"मंदारराव," ते म्हणाले, "हे तर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं मटेरियल."

"क्लासिक आहे, नाना. गंजत नाही कधी."

"टाकीही गंजत नाही. पण टाकीत बसून आम्ही कधी कुठे गेलो नाही."

आता इभ्रतीचा प्रश्न आला. मी जाहीर केलं, "गाडी अपग्रेड करतो. एसी बसवतो, वायरिंग नवं करतो. गणपतीला आपण सगळे याच गाडीतून जाऊ!"

दरवर्षी सबाह अल-सालेमला सुलभाकाकूंकडे गणपती असतो. काकू आमच्या मराठी मंडळींतल्या ज्येष्ठ. त्यांच्याकडच्या नैवेद्याला उकडीचे मोदक वैशालीचे, हा मान तिनं कित्येक वर्षं राखला होता. मोदक पोचल्याशिवाय आरती सुरू होत नाही. तेव्हा मी घोषणा करून बसलो ती किती महागात जाणार आहे, हे माझ्याखेरीज घरात सगळ्यांच्या लक्षात आलं.

दोन गॅरेजवाल्यांनी गाडी बघून हात जोडले. तिसऱ्यानं फोटो काढला आणि मग हात जोडले. शेवटी भाजीवाल्याकडे बाबल तांडेल भेटला. मूळचा मालवणचा, इथे होड्या बांधायच्या कारखान्यात कामाला. फायबरग्लास म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले.

"साहेबानु, ह्यां तर माजां रोजचां काम! होडी काय नि गाडी काय, दोनय एकाच जातीची."

"पण बाबल, होडी पाण्यात चालते."

"मगे? गाडी रस्त्यार चालता. तेवडोच फरक!"

आत्मविश्वासाच्या बाबतीत आमची जोडी झकास जमली. ज्ञानाच्या बाबतीतही आम्ही अगदी तुल्यबळ होतो. सुटीच्या दिवशी तो यायचा आणि आम्ही दोघं गाडीखाली शिरायचो. वरून नाना खुर्ची टाकून देखरेख करायचे. बाबलनं कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचा एसी आणून बसवला, नव्या वायरी ओढल्या आणि हौसेनं नाकावर होडीसारखा एक निळा पट्टाही मारला. पत्र्याच्या गाडीत विजेची परतीची वाट अंगातूनच जाते. फायबरच्या अंगातून वीज वाहत नाही, तिला प्रत्येक ठिकाणाहून वेगळी वायर द्यावी लागते. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी आम्हाला एवढंच कळलं, की एसी लागला! आणि असा लागला, की नानांनी मफलर मागितला.

"बघितलंत?" मी म्हणालो.

"बघतोय," नाना म्हणाले. (इंजिनीअर लोकांचा हा 'बघतोय' फार वाईट असतो.)

गणेशचतुर्थी आली ती कुवेतच्या भर उन्हाळ्यात. वैशालीनं पहाटेपासून खपून मोदक केले. पाकळी न्‌ पाकळी मोजून घ्यावी अशी. मोठ्या पसरट डब्यात केळीच्या पानावर मांडून, आम्ही डबा मागच्या त्या सुंदर काचेखाली ठेवला. वैशाली पैठणी सावरत मागच्या सीटवर शिरली. शिरताना ती मला जे म्हणाली ते सणाच्या दिवशी म्हणण्यासारखं नव्हतं. इरा तिच्या शेजारी, नाना माझ्या शेजारी. निघालो!

काय सांगू ते सुख! बाहेर भट्टी, आत महाबळेश्वर. शेजारून जाणारे लोक काचा खाली करून अंगठा दाखवत होते. एकानं तर फोटोसाठी गाडी इतकी जवळ आणली, की नानांनी त्याला नमस्कार केला. मी मान ताठ करून हायवेला लागलो. आणि नाना म्हणाले, "मंदारराव, हा काटा लाल रंगात जायचा असतो का?"

इंजिन तापलं होतं. मी बाबलला फोन लावला, स्पीकरवर.

"घाबरा नकात, साहेबानु! एसी बंद करा नि हीटर लावा. फुल्ल! इंजनातली गरमी भितूर ओढून घेवक व्हयी!"

"हीटर? बाबल, अरे हे कुवेत आहे!"

"मगे गाडी रवात थंयच!"

गाडी तिथंच अडकून राहायला नको, म्हणून मी हीटर लावला. एरवी या गाडीत काहीही एका फटक्यात सुरू होत नसे. हीटर झाला! पायाशी ज्वालामुखी फुटावा तसा वारा आला. नानांचा चष्मा धुरकटला. इरा म्हणाली, "बाबा, आय अॅम अॅक्च्युअली कुकिंग." मागून वैशालीचा आवाज आला, "माझे मोदक!" मी आरशात पाहिलं. वरून काचेतून ऊन, खालून हीटर. उकडीचे मोदक दुसऱ्यांदा उकडत होते!

घाबरून मी ब्रेक दाबला, तर वायपर सुरू झाले. कुवेतचं आकाश निरभ्र, आणि माझे वायपर फटाफट काच पुसतायत! कडेला घ्यावं म्हणून उजवा दिवा दाखवला, तर हॉर्न वाजू लागला. दिव्याच्या तालात! पँ... पँ... पँ... दिवा बंद केला, हॉर्न चालूच.

"मंदार, हॉर्न बंद कर!"

"कुठल्या बटणानं करू ते तरी सांग!"

मागे पोलिसांची गाडी लागली हे सांगायला नकोच. मी कडेला थांबलो. (ब्रेक, वायपर.) नाकातून वाफा सोडत गाडी बंद पडली, तिच्याबरोबर हॉर्नही. तरुण पोलीस उतरला, गाडीला एक फेरी मारली, वायपरकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं.

"रेन?" त्यानं मला विचारलं.

"नो, सर. ब्रेक."

त्यानं खिशात हात घातला. संपलं, मी म्हटलं. दंड, जप्ती, कदाचित हद्दपारी! त्यानं मोबाइल काढला. "वन सेल्फी?"

त्या सेल्फीत मी, नाना आणि पोलीस असे तिघं आहोत. दोघे घामानं निथळतायत, एक हसतोय. मग त्यानं स्वतःच्या गाडीतून थंड पाण्याच्या बाटल्या काढून दिल्या, इंजिन जरा निवल्यावर रेडिएटरमध्ये पाणी भरू दिलं, आणि म्हणाला, "नाऊ पुश. मॅडम ड्राइव्ह."

मॅडम! वैशाली पैठणीचा पदर कमरेला खोचून चाकामागे बसली. मागून मी, नाना आणि कुवेतचा कायदा अशा तिघांनी गाडी ढकलली. गाडीनं दोन आचके दिले आणि गुरगुरून पळाली. पळाली म्हणजे पळालीच! आम्ही उन्हात उभे, आणि वैशाली दिसेनाशी होत चाललेली.

"थांबेल ना हो ती?" नानांनी विचारलं.

थांबली. बऱ्याच पुढे. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "मी चालवते. तू मागे बस."

मागे, गुडघे हनुवटीला लावून, मांडीवर मोदकांचा डबा घेऊन मी उरलेला प्रवास केला. वैशालीनं गल्लीत वळताना दिवा दाखवला आणि हॉर्न पुन्हा अडकला. या सबाह अल-सालेमच्या गल्लीत आमची मंडळी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या लावून, हळू टाळ्या वाजवत आरती करतात. आणि आम्ही पँऽऽऽ करत, वायपर हलवत दारात! सगळी गल्ली बाहेर आली. शेवटी नानांनीच बॉनेट उघडून एक वायर उपटली. त्यांचा एकूण इंजिनीअरिंगचा निर्णय तोच होता.

डबा उघडला. मोदकांनी एकमेकांना मिठी मारली होती. पाकळ्या गेल्या, नाकं गेली, गूळ बाहेर आला आणि सगळ्यांचा मिळून एक पसरट महामोदक झाला होता. वैशालीचा चेहरा उतरला. मलाही पहिल्यांदाच खरंखुरं वाईट वाटलं.

सुलभाकाकूंनी चष्मा वर करून डब्यात पाहिलं. त्यांनी बोटानं कडेचा गूळ चाटला, "अगं, काय ही चव!" म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. "हाय हाय, नैवेद्य व्हायचाय! जाऊ दे, देवाला कळतं कोण कुठून कसं आलंय ते." आणि आरती सुरू झाली.

घरी जाताना मी वैशालीला म्हटलं, "विकून टाकतो."

"कशाला?" ती म्हणाली. "पिकअप छान आहे तिला. माणसं बिनडोक मिळाली, त्याला ती काय करणार?"

पुढच्याच आठवड्यात तिनं गाडी एका धड गॅरेजात दिली. हॉर्न आता हॉर्नच्या जागी वाजतो, काटा लाल रंगाकडे फिरकत नाही, एसी चालतो. निळा पट्टा तिनं ठेवलाय. रोज सकाळी गॉगल लावून ती त्या गाडीतून बँकेत जाते आणि सिग्नलला लोक फोटो काढतात. मी शेवटी घ्यावीच लागलेल्या सात सीटच्या जपानी गाडीतून नानांना रक्तदाब तपासायला, इराला शिकवणीला आणि कांद्याची पोती घरी नेतो.

परवा मी हळूच विचारलं, "शुक्रवारी एक चक्कर मारू का तुझ्या गाडीतून?"

ती गॉगल डोक्यावर सरकवून म्हणाली, "चालेल. पण मागे बस, आणि कशाला हात लावू नकोस!"