कॉइल आखूड, चहा लवकर

नोकरीत रजा साठतात आणि लॅप्स होतात. किस्से लॅप्स होत नाहीत, एवढाच त्यांचा फायदा. सत्तरच्या दशकात साताऱ्याहून माझी बदली सांगली जिल्ह्यातल्या एका वीज ऑफिसात झाली. हे तिथले साठलेले. बहुतेक लाइनमन गणपत मानेचे.

गणपतचे गुडघे गेले होते. खांबावर चढताना तो देवाचं नाव घ्यायचा आणि उतरताना आमच्या ऑफिसचं. सबस्टेशनवर ऑपरेटरची जागा निघाली. बसून करायची नोकरी. पण त्यासाठी तोंडी परीक्षा होती आणि परीक्षेत गणित. मी इंटर सायन्सला नापास, म्हणजे कारकुनांत सायन्सशी सर्वांत जवळचा संबंध माझाच. शिकवणी माझ्याकडे आली.

"वरून येतो तो जोर म्हणजे व्होल्टेज," मी सांगितलं. "त्या जोरानं अर्ज पुढे सरकतो, तो करंट. आणि वाटेत अडवतं ते रेझिस्टन्स. कळलं?"

"कळलं की. हेडक्लार्क."

हेडक्लार्क दामले शेजारच्याच टेबलावर होते. त्या महिन्यात गणपतचा रजेचा अर्ज काही सरकला नाही.

*

पुढचा धडा. व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स, गुणलं की वॅट.

"समज, दोनशे तीस व्होल्ट आहेत."

"कुटं हायत?"

"परीक्षेत."

"मग असू द्यात." आणि चार अँपिअर धरून त्यानं बोटावर हिशेब केला. "साडेसत्तावन्न ओहम. नऊशे वीस वॅट. पर भाऊसाहेब, आपल्या लायनीवर एवढं व्होल्टेज कवा बगितलं न्हाई."

*

तसं ते कोणीच बघितलं नव्हतं. मिलिटरीतून रिटायर झालेले एक सुभेदार होते, घरचा ऊस होता. ते एकदा बल्ब हातात घेऊन आले.

"शंभरचा बल्ब हाय. काजव्यागत जळतोय. बाकीचे वॅट गेले कुटं?"

ज्युनिअर इंजिनिअर कुलकर्णी नवे होते. त्यांना अजून लोकांना समजावून सांगायची हौस होती. त्यांनी पानभर आकडेमोड केली. रेझिस्टन्स तोच, व्होल्टेज निम्मं, म्हणून करंट निम्मा, म्हणून वॅट पाव. सुभेदारांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कागद मागून घेतला.

"साहेब, ह्यो कागुद पेटवला तर किती वॅट पडत्याल?"

त्यानंतर कुलकर्णी 'वर कळवतो' एवढंच म्हणू लागले. म्हणजे तयार झाले.

*

ऑफिसात हीटर वापरण्यास सक्त मनाई होती. तशी पाटी होती, आणि तिच्याखालीच आमचा हीटर होता. कॉइल तुटली की नवी कोण मागवणार? जळका तुकडा मोडून टाकायचा, उरलेली टोकं एकमेकांत पिळायची. दर दुरुस्तीनंतर चहा आधीपेक्षा लवकर व्हायचा. कुलकर्ण्यांनी कारण सांगितलं. कॉइल आखूड झाली, रेझिस्टन्स घटला, करंट वाढला.

दामले विचारात पडले. "म्हणजे जितकं मोडकं, तितकं काम जलद? मग आपल्या ऑफिसात हे का दिसत नाही?"

एवढा करंट ओढूनही आमचा फ्यूज कधी जात नसे. आतल्या किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या चिनी मातीच्या खाचेत, कोणीतरी जाड तार भरून ठेवली होती. वीज ऑफिसच ते, आम्हाला कोण तपासणार? खरी फ्यूज वायर उरली होती ती बाहेरच्या खांबावर.

*

परीक्षेच्या दिवशी सांगलीहून मोठे साहेब आले. त्याच सकाळी कॉइल पुन्हा तुटली. साहेबांचा चहा अडायला नको म्हणून गणपतनं स्वतः ती जोडली. निम्मीच उरली होती. मग कमरेचा पट्टा काढून, टोपी नीट करून तो साहेबांसमोर खुर्चीत बसला. त्याला खुर्चीत बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. शोभत होता.

हीटरच्या कॉइलचा रेझिस्टन्स किती आणि वॅट किती, ही दोन्ही गणितं त्यानं तोंडी सोडवली. साहेब खूश झाले.

"आता सांगा, तीच कॉइल निम्मी केली तर?"

"रेझिस्टन्स निम्मा, वॅट दुप्पट. चहा लौकर हुतोय, साहेब."

साहेब हसले. "आणखी काय होईल?"

गणपतनं तोंड उघडलं आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

दुसरा लाइनमन लाइनवर गेलेला होता. साहेब घाम पुसू लागले. गणपत उठला, पट्टा बांधला आणि खांबावर चढला. लवकर परत येऊन खुर्चीत बसायचं होतं, म्हणून इतका भराभर चढला की आम्ही अंगणात बघत राहिलो. पंखा फिरला. तो उतरला आणि साहेबांपुढे उभा राहिला.

"फ्यूज जातो, साहेब. उत्तर ऱ्हायलं हुतं."

"बरोबर. पास आहात तुम्ही," साहेब म्हणाले. मग दामल्यांकडे वळले. "काय चढतो हो हा माणूस! याला खुर्चीत बसवून वाया घालवू नका. लाइनवरच राहू द्या."

चहा फ्यूज जायच्या आधीच उकळला होता. मी एक कप गणपतला दिला. गुडघा चोळत त्यानं घोट घेतला.

"आज लय लौकर झाला, भाऊसाहेब."