मूठभर ढिला पट्टा

दादासोंच्या घराण्यात कुत्र्याला कधी कुणी बांधलं नव्हतं. त्यांचे वडील गेणबा इंदापूरकडच्या माळावरून मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे, तेव्हा पुढं कुत्रं, मागं मेंढरं, त्यामागं घोड्यावर बिऱ्हाड आणि सगळ्यांत शेवटी गेणबा अशी चाल असे. बांधायचा तो बैल. कुत्रं हे घरातलं माणूस, त्याला कोण कशाला दावं लावतंय?

पुढं मेंढरं गेली, सांगवीत थोडी जमीन झाली, ऊस आला. दादासोंनी बैलजोड्या सांभाळल्या, मग त्यांच्या जागी ट्रॅक्टर आला. गोठ्यातलं म्हणावं असं एकच जनावर उरलं, ती मोना. नाव सुनेनं, दिपालीनं, ठेवलेलं. उंच, शेलाटी, निमुळत्या तोंडाची कुत्री. दादासो तिला मोनाबाई म्हणत आणि सल्ला मागत.

गेल्या वर्षी दादासोंचे गुडघे बसले. डॉक्टरांनी जिना चढायचा-उतरायचा नाही, असं बजावलं. मुलानं, सुयोगनं, आई-वडिलांना बारामतीच्या फ्लॅटवर आणलं. तिसरा मजला, पण लिफ्ट होती. मोना गावीच राहिली आणि तिनं अन्न सोडलं. आठवड्याभरात दादासोंनीही भाकरी अर्धी टाकायला सुरुवात केली, तेव्हा सुयोग मुकाट्यानं टेम्पो घेऊन तिला आणायला गेला.

मोनानं पहिल्याच संध्याकाळी खाली उतरून पार्किंगमध्ये खेळणारी सगळी पोरं एका कोपऱ्यात वळवून लावली आणि समोर बसून राहिली. चावली नाही, भुंकलीही नाही. कुणी निसटू लागलं की नुसती उभी राहायची. आयांनी वरून जेवायला हाका मारल्या, पण एक पोर हलेना. शेवटी सोसायटीचे चेअरमन रणजितराव आले. बँकेतून निवृत्त झालेले, समोरच्याच फ्लॅटमध्ये राहणारे. पट्टा आणि दोरी लावल्याशिवाय कुत्रं बाहेर दिसायचं नाही, पुन्हा एकदा मोकळं दिसलं तर सोसायटीतूनच जाईल, असं त्यांनी सांगितलं.

दादासोंच्या बायकोला, कौसल्याबाईंना, कुत्रं जाण्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांच्या भावाचं भिगवणला मासळीचं हॉटेल होतं. तिथं मोनाला रोज माशांची डोकी मिळतील, असं त्या म्हणाल्या. फरशीवरचे केस पुसून त्या वैतागल्या होत्या. माळावरचं कुत्रं पाण्याकाठी झुरून मरंल, एवढंच दादासो म्हणाले आणि चप्पल घालून, मोनाला घेऊन पट्टा आणायला निघाले. मागून कौसल्याबाई निघाल्या, कारण खरेदीत यांना कुणीही फसवतं, अशी त्यांची जुनी समजूत.

दुकानदार ऋतिक बारीक अंगाचा, हसतमुख गडी. त्यानं मोनाच्या मानेभोवती टेप धरला आणि मधल्या मापाचा पट्टा काढला. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जावीत, हे खरं माप, असं त्यानं समजावलं.

"दोन बोटं कुणाची?" दादासोंनी विचारलं.

ऋतिकनं आपली दोन बोटं दाखवली. दादासोंनी शेजारी आपलं एकच बोट धरलं. ते उसाच्या पेरासारखं, दोघांत तेच जाड निघालं. मग दादासोंनी त्याला रीत सांगितली. जनावराच्या गळ्यात जे बांधायचं त्यात मूठ शिरली पाहिजे. वडिलांनी बैलांना तसंच बांधलं, आपणही तसंच बांधलं, एकाच्याही मानेला कधी घट्टा पडला नाही.

"तात्या, पण हिचं डोकं बारीक हाय. मागं सरकली की निघंल," ऋतिक म्हणाला.

"मागं कशाला सरकंल? बैल सरकतोय का?"

"बैलाला शिंगं असत्यात तात्या."

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून दादासोंनी तो ऐकला नाही. त्यांनी दांडग्या विलायती कुत्र्याचा पट्टा घेतला. मोनाच्या गळ्यात तो हारासारखा लोंबू लागला. दोरीचं तसंच झालं. हातभर दोरीवर जनावर चरणार कसं, म्हणून त्यांनी दुकानातली सगळ्यांत लांब दोरी मागितली. मैदानात कुत्री शिकवायला लागते ती. ही चरत नाही, खाली वास घेत हिंडते, असं ऋतिकनं सांगून पाहिलं. वास घेणं म्हणजे कुत्र्याचं चरणंच की, असं दादासोंचं म्हणणं पडलं.

"घे बाबा पैसं," कौसल्याबाई ऋतिकला म्हणाल्या, "लग्नात मलाबी ह्यांनी असंच मापाचं जोडवं आणलं हुतं."

त्यानंतर दादासो आपल्या मजल्यावर उभे आणि मोना दुसऱ्याच मजल्यावर, असा फेरफटका सुरू झाला. दोरी जिन्यातून लोंबायची. लोक ती ओलांडून जात आणि वाकून बघत, हिच्या टोकाला नक्की काय आहे ते.

एका सकाळी दादासो लिफ्टमध्ये शिरले. मोना मागंच, रणजितरावांच्या दाराशी चपला हुंगत होती. दादासोंना वाटलं, आली. दार मिटलं, लिफ्ट खाली निघाली आणि हातातली दोरी वर चालू लागली.

आयुष्यात त्यांनी जनावराची दोरी कधी सोडली नव्हती. आताही त्यांनी ती मनगटाला गुंडाळली, पाय रोवले आणि मग एकदम उमगलं की आपण ओढतोय म्हणजे वर कुणाचा तरी गळा ओढला जातोय. त्यांनी हात मोकळा केला. दोरी सरसरत फटीतून वर गेली, कुठंतरी अडकली आणि लिफ्ट धक्का खाऊन दोन मजल्यांच्या मध्ये थांबली.

दिवा गेला. दादासो मदतीला हाक मारायची विसरले. दाराला तोंड लावून ते "मोनाबाई, ए मोनाबाई" करत राहिले. वरून काहीच येईना. त्यांना सगळं डोळ्यांपुढं दिसत होतं आणि ते बघायचं नव्हतं. तेवढ्यात रणजितरावांचा आवाज आला.

"अहो दादासो, तुमचं कुत्रं सुटलंय."

"सुटलं?" दादासो दाराच्या फटीतून ओरडले. "लई ब्येस झालं. तुमचं लई उपकार झालं, चेअरमन."

उपकार कसले, हे रणजितरावांना कळेना. पट्टा लिफ्टच्या फटीत गच्च बसला होता आणि त्यातून डोकं काढून घेतलेली मोना त्यांच्याच पायपुसण्यावर बसून दाराकडं बघत होती.

संध्याकाळी मीटिंग झाली. ढिल्या पट्ट्यानं जीव वाचला, असं दादासोंनी मांडलं. लांब दोरीनं तो धोक्यात आला होता, असं रणजितरावांनी मांडलं. दोन्ही खरं होतं, त्यामुळं बराच वेळ गेला. अखेर ठरलं की कुत्रं राहील, पण मापाचा पट्टा, आखूड दोरी, आणि लिफ्टमध्ये कुत्र्यानं पाऊल टाकायचं नाही.

"मग जिन्यानं नेतो," दादासो म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्या गुडघ्यांकडं पाहिलं. मोना भिगवणला चालली, हे घरच्यांना कळलं. भावाला फोन तेवढा करायचा राहिला होता.

कौसल्याबाईंनी तो केला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या मापाचा पट्टा त्यांनी स्वतः आणला, स्वतः मोनाच्या गळ्यात घातला आणि आखूड दोरी हातात घेऊन जिन्याकडं वळल्या.

"तुमी जावा लिफ्टनं," त्या म्हणाल्या. "आमी येतो मागनं."

दादासो खाली जाऊन उभे राहिले. जिन्यातून कौसल्याबाईंचा आवाज येऊ लागला. त्या मोनाला काहीतरी सांगत होत्या. जोडवी बोटातून गळून विहिरीत पडली आणि सासूनं महिनाभर अबोला धरला, तरी माप आपलंच चुकलं, असा शब्द यांनी तोंडातून काढला नाही, असं काहीसं. प्रत्येक वळणावर त्या थांबत होत्या आणि नवं काढत होत्या. दादासोंना यातलं निम्मं आजवर ठाऊक नव्हतं.

खाली पोचल्यावर त्यांनी दोरी नवऱ्याच्या हातात दिली. ती घेताना दादासोंनी बायकोच्या पायांकडं पाहिलं.