माणूस मावेल एवढा पंखा

भूकंप सोसलेला लातूरकर सहसा कशाने दचकत नाही. मला मात्र त्यानंतरही दचकवत ठेवण्याचं काम आमच्या ठेकेदार चाचांनी शेवटपर्यंत मनापासून केलं. मूळचे देगलूरचे असल्यामुळे त्यांचं बोलणं मराठीत, चिडणं दक्खनीत आणि मोजमाप तेलुगूत चाले. खिशात टेप असे, पण तो गिऱ्हाइकाला धीर यावा म्हणून. माप हातानेच घेत. शेजारच्या वकिलांकडे झुंबर लावायला गेले, तर झुंबर खोक्यातच ठेवून त्याखाली येणारा पलंग आधी दुसऱ्या खोलीत सरकवून बसले. वकिलांच्या बायकोने जाब विचारला तेव्हा म्हणाले, "भाबी, आधी माणूस हलवला. झुंबराची घाई न्हाई."

त्या दिवसांत लातुरात शिकवण्यांना असा बहर आला होता, की आडवं होण्यापुरती जागा असलेल्या प्रत्येक घरात एक विद्यार्थी होता. आमच्या माळ्यावर माझी भाची राहायची, नायगावच्या ताईची मुलगी. माळ्यावर पत्रे होते, कारण भूकंपानंतर डोक्यावर आणखी एक स्लॅब नको हा माझ्या बायकोचा हट्ट. उन्हाळ्यात त्या पत्र्यांखाली पापड वाळले असते. भाची तिथे भौतिकशास्त्र करायची. प्रवेशपरीक्षेला महिना उरला असताना ती चक्कर येऊन पडली. ताईच्या यजमानांचा, म्हणजे दाजींचा, फोन आला, "रविवारी येतो. खोली बघतो. न्हाई पटली तर पोरीला घेऊन जातो." भाचीने फोनशेजारी उभं राहून ते ऐकलं आणि वर जाऊन पुस्तक उघडलं.

गरम हवा बाहेर फेकणारा पंखा बसवायचा म्हणून मी चाचांना गाठलं. ते गुरुवारी आले, माळा पाहिला, भाचीच्या खाटेवर आडवे झाले आणि चक्क झोपले. तासाभराने घामाने निथळत उठले.

"हौ, हवा कोंडते. पण साहेब, झोपल्यावर पोरीचे पाय कुठं येतात?"

"पंख्याला पायांशी काय करायचंय?"

"पंख्याला न्हाई. मला."

मग त्यांनी भाचीला भिंतीशी उभं करून तिच्या खांद्यांची रुंदी वितीने मोजली, "ओकटी, रेंडू." खालून बायको म्हणाली, "पंखा बसवून राहिले का झंपर शिवून राहिले?"

शनिवारी ऑफिसातून आलो आणि जिन्यातच बसलो. माळ्याच्या मागच्या भिंतीत, खाटेच्या पायथ्याशी, म्हशीचं रेडकू आरामात जाईल असं भगदाड होतं. पलीकडे स्वयंपाकघराची गच्ची आणि वर आभाळ. दाजी दुसऱ्या दिवशी येणार होते.

"चाचा, पंखा केवढा आहे?"

"फूटभर."

"मग हे?"

चाचांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. "तुमच्या माळ्याला जिना एकच. भूकंपानंतर ढिगारे उपसायला गेलतो मी. खिडक्या होत्या घरांना, साहेब. माणूस मावंल एवढ्या नव्हत्या."



रविवारी सकाळी त्या भगदाडात बिजागऱ्यांवर झुलणारं लोखंडी दार बसलं, आणि दाराच्या वरच्या भागात पंखा. वायर ऐसपैस सैल. दाजी आले. धोतराच्या सोग्याने मान पुसत माळ्यावर चढले, फिरत्या पंख्याकडे संशयाने बघत राहिले. चाचा म्हणाले, "पावणं, ढकला." दाजींनी ढकललं आणि पंख्यासकट दार उघडून ते थेट गच्चीवर, बायकोने वाळत घातलेल्या कुरडयांमध्ये जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी आत लेकीकडे पाहिलं. दोनदा आत-बाहेर केलं. मग खाली उतरताना म्हणाले, "परीक्षा झाल्यावर न्यायला येतो."

आता चाचा नाहीत. भाची नांदेडला असते. मधल्या काळात पंखे तीन बदलले; दार तेच आहे. "म्हैन्याला एकदा ढकलत जा, गंजलं तर काय कामाचं," असं चाचांनी मला बजावलं होतं. उन्हं तापली की भाचीचा फोन येतो. तब्येतीची चौकशी नंतर, आधी विचारते, "मामा, दार ढकललं का?" मी वर जातो, ढकलतो. उघडतं. मग बराच वेळ बंद करवत नाही.