दुसऱ्या यंत्रासाठी एक नाव

शेषराव मिल्ट्रीतून सुटून बडनेऱ्याच्या रेल्वेत लागला त्याला सतरा वर्षं झाली, पण वायरलेसचं वेड काही सुटलं नव्हतं. त्रेसष्ट साली अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे त्याला दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची दोन बोलती यंत्रं दिसली. हातात मावणारी. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. तो ती घेऊनच आला. बायको सुंदराबाई जाऊन तीन वर्षं झालेली, लेकरूबाळ नाही. भिंतींशी किती बोलणार माणूस?

दुसरा कोणी असता तर त्याच संध्याकाळी बटण दाबून मोकळा झाला असता. पण हा कायद्याचा पक्का. लायसनशिवाय एक शब्द सोडायचा नाही, हे फौजेत अंगात मुरलेलं. त्यानं अर्ज मागवला. त्यात लिहिलं होतं, यंत्राची शक्ती अगदी कमी ठेवायची, आवाज मैलाच्या पुढे जाता कामा नये, आणि दुसरं यंत्र ज्याच्याकडे राहील त्याचं नाव, गाव आणि सही.

इथंच गाडी अडली. शेजारचा शालिकराम रोज याच्या तंबाखूवर हात मारायचा. तो म्हणाला, "चीनची लढाई आत्ता झाली. उद्या पोलीस मलेच हेर म्हणून धरतीन. माहं नाव नको बावा." आणखी चार घरं झाली. चहा सगळ्यांनी पाजला, नाव कोणी दिलं नाही. मग तिवशाहून बहीण पार्बताबाई आली आणि तिनं काही न विचारता अंगठा दिला. तिवसा किती लांब आहे हे शेषरावला ठाऊक नव्हतं थोडंच! पण हरखलेला माणूस हिशेब करत नाही. अर्ज गेला.

अर्ज शेरा मारून परत आला. एवढ्या शक्तीत तिवशाला आवाज पोचणार नाही आणि जास्त शक्तीची परवानगी नाही. मैलाच्या आतलं नाव द्या, नाहीतर यंत्रं ठाण्यात जमा करा. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी शेषराव रडला. मैलाच्या आत हजारो माणसं राहत होती.

शेवटी तो यंत्रं जमा करायला ठाण्यात गेला. तिथला हवालदार सहदेव भला माणूस. "चालू हायेत का बंद, ते लिवा लागते," म्हणून तो एक यंत्र घेऊन ठाण्यासमोरच्या मैदानाच्या पार टोकाला गेला आणि तिथून त्यानं हात हलवला. शेषरावनं बटण दाबलं. चाचणीची फौजी वाक्यं त्याला तोंडपाठ होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"जेवले का?" त्यानं विचारलं.

यंत्र खरखरलं. "जेवलो ना बावा. पिठलं होतं. तुमी जेवले का?"

तीन वर्षांत बहीण सोडली तर हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. शेषरावनं पुन्हा बटण दाबलं. सकाळपासून पोटात काही नाही, हे सांगितलं. मग सुंदराबाई वांग्याची भाजी कशी करायची ते सांगायला लागला, आणि बटण सोडायचं विसरूनच गेला. मैदानापलीकडे सहदेव यंत्र कानाला लावून ऐकत उभा राहिला.