मामाचा नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांना बाहेरून "घाबरू नका, मी आलोय" असं सांगणं हा त्याच्या कामाचा मोठा भाग आहे, आणि त्या वेळी सगळ्यात जास्त तोच घाबरलेला असतो. तरुणपणी त्याला पोलिसात जायचं होतं. भरतीच्या वेळी छाती अर्धा इंच कमी भरली आणि त्याला घरी पाठवलं. मोजणाऱ्याने टेप मुद्दाम आवळली होती, असं तो अजूनही जेवताना सांगतो.

पन्नाशी ओलांडल्यावर तो शेवटी पोलीस झाला, पण कॉम्प्युटरवर. एका ऑनलाइन खेळात अख्खं शहर आहे. तिथे प्रत्येकाने एक भूमिका घ्यायची आणि माइकवर बोलत ती निभवायची. कुणी टॅक्सी चालवतं, कुणी दुकान काढतं, कुणी दरोडे घालतं. मामा तिथला पोलीसप्रमुख. सगळे त्याला चीफ म्हणतात. मी नोकरीसाठी त्याच्याकडे राहते, म्हणून मलाही त्याने ओढलं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रुग्णवाहिका चालवते. मग मामीनेही हट्ट धरला. मामाने तिला खेळातली एक पांढरी व्हॅन घेऊन दिली आणि म्हणाला, "तू आपली फुलं विक."

मामी म्हणजे गरीब गाय. रांगेत कुणी तिच्यापुढे घुसलं तर हीच "माफ करा" म्हणते. या बाईने महिन्याभरात फुलं बंद करून टोळी काढली. शहरातल्या एकाही सराफाला सुखाने जगू दिलं नाही.

मामाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तो हॉलमध्ये बसतो, ती आतल्या खोलीत, आणि मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. दरोडा पडला की "सगळे खाली झोपा, आणि कुणाला लागलं तर सांगा बरं का" हे वाक्य त्याला एका कानाने हेडफोनमधून आणि दुसऱ्या कानाने भिंतीतून ऐकू यायचं. पण खेळाचा कडक नियम आहे: खेळाबाहेर जे कळलं ते खेळात वापरायचं नाही, पुरावा आतलाच हवा. मामा नियमाचा इतका पक्का, की दरोडेखोर रोज सकाळी त्याच्या हातात चहा देत होती आणि हा मूग गिळून तो पीत होता.

दरोडेखोर काळ्या व्हॅनमधून यायचे आणि इतक्या वेगाने निघून जायचे, की नंबर कुणालाच वाचता यायचा नाही. पोलीस हात चोळत बसायचे. त्यांच्यात एक उपप्रमुख होता, खऱ्या आयुष्यात दातांचा डॉक्टर, आणि बोलायचाही दात उपटल्यासारखाच. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "चीफ, रविवारपर्यंत टोळी पकडा, नाहीतर खुर्ची सोडा. मतदान घेऊ." त्या दिवशी मामा नीट जेवला नाही. मला त्या डॉक्टरचा इतका राग आला की हसू येण्यासारख्या गोष्टीवर आपण रागावतोय हेही विसरले. मामाला आयुष्यात मिळालेली वर्दी ती एकच होती.

मग मामाने व्हिडिओ बघून बघून प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा बनवायचा: चौकातून गाडी गेली की कॅमेरा नंबर टिपेल, नोंदणीत शोधेल आणि गाडी चोरीची किंवा दरोड्यावरून पळणारी असेल तर सगळ्या पोलिसांच्या पडद्यावर मालकाचं नाव दाखवेल. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याने माझ्या रुग्णवाहिकेला चोरीची ठरवलं. आत पेशंट, पुढे चार पोलीस गाड्या, आणि मी हॉलच्या दिशेने ओरडतेय, "मामा, अरे मी आहे!" मामा माइकवर शांतपणे म्हणाला, "कागदपत्रं दाखवा." दुसऱ्या दिवशी कॅमेरा एका ट्रॅक्टरच्या मागे लागला. तिसऱ्या खेपेला मात्र जमलं.

रविवारी दुपारी सराफाच्या दुकानात पुन्हा दरोडा पडला. काळी व्हॅन सुसाट निघाली, चौक ओलांडला आणि कॅमेरा वाजला. मामा खुर्चीतून उठलाच. पडद्यावर नंबर आला, गाडीचा प्रकार आला आणि खाली मालकाचं नाव आलं. मामाचं.

घरातली स्कूटर मामाच्या नावावर, विजेचं बिल मामाच्या नावावर, तशीच ही व्हॅनही त्याने विचार न करता स्वतःच्याच नावावर घेतली होती. मामीने ती काळी रंगवून घेतली, पण नंबर बदलून घेता आला नाही, कारण त्यासाठी मालकाचा अर्ज लागतो.

"चीफ, हात वर करा," दातांचा डॉक्टर म्हणाला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"व्हॅन बायकोकडे असते" एवढं सांगितलं असतं तर मामा सुटला असता. पण ती त्याची बायको आहे, हे खेळाबाहेरचं. तो पडद्यावर हात वर करून उभा राहिला. हॉलमध्ये त्याचा चेहरा मला बघवेना. भिंतीपलीकडे मामीचा कीबोर्ड जोरात खडखडायला लागला.

पाचेक मिनिटांत ती काळी व्हॅन पोलीस ठाण्याच्या दारात येऊन थांबली. मामी खाली उतरली. पायरीला अडखळली, मग सरळ आत आली.

"ही गाडी मी चोरलेली आहे," ती म्हणाली. "यांचा काही संबंध नाही."

"यांचा म्हणजे कुणाचा? नाव सांगा," डॉक्टर म्हणाला.

"नाव कशाला सांगायचं? हे समोर उभे आहेत ते."

"मग चीफनी गाडी चोरीला गेल्याची तक्रार का नाही केली?"

"दिवसभर तुमचं शहर सांभाळतात," मामी म्हणाली. "स्वतःच्या गाडीकडे बघायला वेळ कुठाय त्यांना?"

मी स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून रडत होते, ते हसण्यामुळे नव्हे.

आता तिला अटक मामानेच करायची होती, आणि त्याने आजवर कुणालाच अटक केली नव्हती. "बेड्यांचं बटण कुठलं?" त्याने डॉक्टरलाच विचारलं. डॉक्टरने ते सांगितलं. मग मतदान झालं. टोळीची म्होरकी हाती लागलेल्या प्रमुखाला कोण काढणार? डॉक्टरनेसुद्धा चीफच्या बाजूने हात वर केला.

मामीला अर्ध्या तासाची कोठडी मिळाली. कैद्याने तेवढा वेळ कॉम्प्युटरसमोरून उठायचं नाही, हाही नियमच. जेवायची वेळ टळून गेली होती. मामा हेडफोन काढून स्वयंपाकघरात आला, मला बाजूला सारून अंडी उकडली, पाव भाजला, थोडा करपवला आणि ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. मी दारात उभी राहिले.

"कैद्याचं जेवण," तो म्हणाला आणि ताट तिच्यापुढे ठेवून तिच्या खुर्चीमागे ताठ उभा राहिला. "मीठ कमी असेल तर सांगायचं."

मामीने एक घास घेतला. पडद्यावरच्या गजांकडे बघतच ती म्हणाली, "बरोबर आहे, साहेब."

मामाने छाती फुगवली. बराच वेळ त्याने श्वास सोडला नाही.